दोष या मथळ्याखाली

"मॅन्युअल कोण वाचतं?" असं जो मला विचारतो, त्याच्याशी मी त्या दिवशी पुन्हा बोलत नाही. लग्न असो, बारसं असो, बिल्डिंगची मीटिंग असो. "तू काय करतेस गं?" "सॉफ्टवेअरची माहितीपानं लिहिते." "अच्छा! पण ती वाचतं कोण यार?" झालं, माझं डोकं फिरलंच म्हणून समजा. अरे, तुझा नवा मिक्सर धूर सोडायला लागतो तेव्हा तू काय वाचतोस, राशिभविष्य?

सोळा वर्षं मी अंधेरीच्या एका कंपनीत हेच काम करते. आमचं सॉफ्टवेअर छोट्या लॅब वापरतात, रक्त-लघवी तपासणाऱ्या. पेशंटच्या नोंदी, रिपोर्ट सगळं त्यात राहतं. कॉम्प्युटरला एखादं काम सांगायचं तर एक ओळीची आज्ञा टाइप करावी लागते, आणि अशा प्रत्येक आज्ञेचं एक पान असतं. ते पान मी लिहिते. इंग्रजीत, आणि माझ्या हट्टामुळे मराठीतही. मराठीसाठी मी दोन वर्षं भांडले होते, पण ते पुराण इथे नको.

या पानांचे नियम जुने आहेत, जवळजवळ माझ्या वयाचे. आधी आज्ञेचं नाव. मग ती नेमकी कशी टाइप करायची, ती एक ओळ. मग वर्णन, मग पर्याय, मग उदाहरणं, आणि सगळ्यात शेवटी 'दोष'. त्या एका ओळीलाही शिस्त आहे. जे ठळक अक्षरांत आहे ते जसंच्या तसं टाइप करायचं. जिथे खाली रेघ आहे तिथे आपलं टाकायचं, म्हणजे आपली तारीख, आपल्या फाइलचं नाव. आणि जे चौकोनी कंसात आहे ते ऐच्छिक, हवं तर टाका, नको तर सोडा. एवढंच. यात न समजण्यासारखं काहीही नाही.

हे मी एकदा आईला समजावत होते. दहिसरच्या आमच्या घरात ती बिरड्याचे वाल सोलत बसली होती.

"कंस म्हंजे किस्नाचो मामा मा गो?"

"आई!"

"मगे? नको आसा ता लिवतंस कित्याक?"

मामाचा विनोद सोडा, पण हा प्रश्न चोख होता. नको असेल तर लिहायचं कशाला? तर कधीतरी ते हवं असतं म्हणून. आणि नको असताना चुकून टाकलं तर वाट लागते, म्हणून त्याच्याभोवती कुंपण. आईने सालं बाजूला केली. "आमी वई घालतंव तशी," ती म्हणाली. वई म्हणजे गावाकडचं काट्याकुट्यांचं कुंपण. सोळा वर्षांत माझ्या कामाचं इतकं सरळ वर्णन ऑफिसात कुणीही केलेलं नाही.

मला ही खोडच आहे. आमच्या बिल्डिंगच्या पंपाच्या खोलीत सेक्रेटरींनी पाटी लावली होती: 'पंप चालू करा. त्याआधी व्हॉल्व्ह उघडा.' त्याआधी! अहो, 'त्याआधी' वाचेपर्यंत माणसाने बटण दाबलेलं असतं. पंप एकदा जळला तेव्हा सगळे वॉचमनवर तुटून पडले. मी मार्कर घेऊन गेले, पाटी खोडली आणि ओळी उलट्या क्रमाने लिहिल्या. सेक्रेटरी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. नका बोलू. पंप त्यानंतर जळला नाही.

तर दीडेक वर्षापूर्वी आमच्या कंपनीत डिझाइनची वेगळी टीम आली. तिची प्रमुख हुशार बाई, मनानेही चांगली, उगाच खोटं कशाला बोलू? माझी पानं बघून ती म्हणाली, "केवढी गर्दी आहे गं ही. कंस, रेघा, जाड अक्षरं. डोळ्यांना टोचतं." तिने कंस काढून टाकले. जे शब्द ऐच्छिक, ते फिकट राखाडी केले. स्क्रीनवर झकास दिसत होतं, मान्य.

पण आमच्या नियमांच्या वहीत मीच लिहिलेली एक ओळ होती: अर्थ रंगावर सोडायचा नाही, पान काळ्या-पांढऱ्यात छापलं तरी समजलं पाहिजे. ती ओळ मी तिला दाखवली.

"आता छापतं कोण?" ती म्हणाली.

मी भांडायला हवं होतं. एरवी पाटीवरच्या दोन ओळींसाठी भांडणारी मी, तिथे नाही भांडले. त्या दिवशी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, मला लवकर निघायचं होतं. मी 'मंजूर'वर क्लिक केलं, पर्स उचलली आणि निघाले. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे मी जो तमाशा केला, त्यात मी धुतल्या तांदळासारखी होते असं कुणाला वाटायला नको.

सहा महिन्यांनी मुलुंडच्या एका लॅबकडून तक्रार आली. तीन आठवड्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. लॅबच्या मालक डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'आमच्या ऑपरेटर बाईंनी काहीतरी घोटाळा केला आहे. चूक नेमकी कोणाची ते कंपनीने लेखी कळवावं. तोपर्यंत बाईंना घरी बसवलं आहे. त्यांची चूक निघाली तर त्यांना ठेवता येणार नाही.' सोबत एक फोटो होता.

फोटोत माझं पान होतं, हरवलेल्या नोंदी बॅकअपच्या प्रतीवरून परत आणायच्या आज्ञेचं. छापलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं, कॉम्प्युटरशेजारच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलेलं. काळं-पांढरं. आज्ञेच्या ओळीतल्या प्रत्येक शब्दावर पेन्सिलची बारीकशी खूण. राखाडी वगैरे काही नाही, सगळे शब्द सारखेच काळे. त्यातच तो एक शब्द होता, जो टाकला की आताच्या नोंदी पुसून त्यांच्या जागी जुन्या प्रतीतल्या नोंदी येतात. न टाकला तर फक्त हरवलेल्या नोंदी भरल्या जातात, बाकीच्यांना धक्का लागत नाही. माझ्या मूळ पानात तो कंसात होता. या पानात तो इतर शब्दांच्या रांगेत साळसूदपणे उभा होता, आणि त्याच्यावरही पेन्सिलची खूण होती.

आता छापतं कोण, म्हणे! मुलुंडमध्ये छापतात. कांदिवलीत छापतात. जिथे एका कॉम्प्युटरवर तिघं काम करतात आणि स्क्रीनवर एका वेळी एकच गोष्ट दिसते, तिथे सगळे छापतात.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून मी रिक्षा पकडली आणि पवईच्या ट्रॅफिकमध्ये तासभर घामाघूम होऊन मुलुंडला पोहोचले. मी येणार म्हणून डॉक्टरांनी बाईंनाही बोलावून घेतलं होतं. बाई पन्नाशीच्या, ओढणी पिना लावून चापूनचोपून बसवलेली. घराणं मूळचं जालन्याकडचं, पण त्यांचा जन्म मुलुंडचाच. स्वतःच्या खुर्चीवर न बसता त्या पेशंटच्या बाकावर बसल्या होत्या, कारण त्यांना घरी बसवलेलं होतं ना.

"मॅडम, मी लिहिलंय तसंच केलं बघा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सकाळी आठ-दहा पेशंटच्या जुन्या नोंदी दिसेनात, म्हणून त्यांनी प्रतीवरून त्या परत आणायला घेतल्या. त्यांची एक पद्धत होती. पान भिंतीवरून काढायचं, पिशवीतून बाहेर घ्यायचं, एक शब्द टाइप केला की कागदावर त्या शब्दावर पेन्सिलने खूण करायची, म्हणजे काही सुटायला नको. काम झालं की सगळ्या खुणा खोडरबरने खोडायच्या, पान पुन्हा पिशवीत. पुढच्या वेळी कोरं पान. बारा वर्षं त्या असंच करत होत्या, आमच्याकडून बदललेलं पान आलं की तेच छापून लावत होत्या.

"त्या दिवशी खोडायच्या राहिल्या," त्या म्हणाल्या. "स्क्रीनवर तीन आठवडे दिसेचनात, मला घामच फुटला. पान तसंच लावलं मी परत."

बरं झालं राहिल्या. नाहीतर बाईंनी स्वतःच्या मनाने काय काय टाइप केलं, यावर लोकांनी पोथी लिहिली असती.

डॉक्टर हात बांधून उभे होते. "बाई मेहनती आहेत हो, प्रश्नच नाही," ते म्हणाले. "पण या वयात कॉम्प्युटरचं नवीन जमत नाही लोकांना."

बाई रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. "सर, मी माझ्या मनाने एक अक्षर टाकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "टाकलं असेल तर मला काढा. मी स्वतः चावी देऊन जाईन."

मला इतका राग आला होता, आणि त्यातला निम्मा स्वतःचा. माझा शब्द न् शब्द पेन्सिलने खुणा करून पाळणारी एक बाई या मुंबईत होती. जिला मी सोळा वर्षं शोधत होते ती ही. आणि नेमकी तिचीच नोकरी माझ्या पानापायी जात होती.

"चूक यांची नाही," मी म्हणाले. "पानाची आहे. पान मी मंजूर केलंय."

"मग कंपनीने तसं लिहून द्यावं," डॉक्टर म्हणाले. "तोंडी मी काय मानू? शनिवारपर्यंत वाट बघतो. त्यानंतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

ऑफिसात आले तर मॅनेजरने उत्तर तयार करून ठेवलेलं होतं. दोन ओळी. 'सॉफ्टवेअर अपेक्षेप्रमाणे चालले. वापरणाऱ्याकडून चूक झाली.'

"हे जाणार नाही," मी म्हणाले.

"का? सॉफ्टवेअर अपेक्षेप्रमाणेच चाललं ना?"

"सॉफ्टवेअर चाललं. पान नाही चाललं."

तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. वाईट माणूस नाही, पण वरून फोन आला की त्याचा आवाज बदलतो. "हे बघ," तो म्हणाला, "प्रोग्रॅमने विचारलं होतं, नक्की करू का? बाईंनी 'हो' दाबलं."

"पानावर लिहिलंय 'हो' दाबा. मीच लिहिलंय ते. कंसातला शब्द नसला तरी तो विचारतोच."

"आणि पान मंजूर कुणी केलं?"

"मी केलं. मग? म्हणून तर मी बोलतेय. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला इथे आणून उभं केलं असतं."

"अगं, एकदा पानाची चूक कबूल केली ना, की सगळ्या लॅब फोन करतील."

"करू देत."

"तू समजून घेत नाहीयेस यार. एका ऑपरेटरसाठी आपण..."

"एका ऑपरेटरसाठीच लिहितो आपण," मी म्हणाले. "पानासमोर एका वेळी एकच माणूस बसलेला असतो. तुला काय वाटलं, सभा भरते?"

आजूबाजूच्या चार टेबलांवरचं टाइपिंग थांबलं. मॅनेजरने दार लावलं. कस्टमरला पत्र पाठवायचा अधिकार फक्त त्याचा, शुक्रवारी तो ते पाठवणार, आणि मी यात पडायचं नाही, असं त्याने मला शांतपणे सांगितलं. ठीक आहे. पत्र त्याचं. पण पान माझं होतं.

आता त्या 'दोष' या शेवटच्या मथळ्याबद्दल सांगते. पानांच्या सगळ्या रिवाजांत मला सगळ्यात प्रिय हाच. बनवणाऱ्याने स्वतःहून, कुणी न विचारता, आपल्या कामात काय खोट आहे ते शेवटी लिहून ठेवायचं. तुपाच्या बरणीवर कुणी लिहितो का, की उन्हाळ्यात याला जरा वास येतो? बिल्डर लिहितो का, की बाथरूमच्या भिंतीत ओल आहे? आमच्या धंद्यात लिहायची रीत आहे, आणि ज्या कुणी ती पाडली त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं.

पण रीत कागदावर. आमच्या कंपनीच्या प्रत्येक पानावर त्या मथळ्याखाली तीनच शब्द होते: 'ज्ञात दोष नाहीत.' विक्रीवाल्यांना तसंच हवं असायचं. सोळा वर्षं मी ते तीन शब्द प्रत्येक पानाखाली मुकाट्याने चिकटवत आले होते. मॅन्युअल कोण वाचतं म्हणणाऱ्यांवर चिडायची, आणि स्वतः हे करायची. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

गुरुवारी सकाळी चहा पिऊन मी बसले. आधी कंस परत घातले. मग 'दोष'खालचे ते तीन शब्द खोडले आणि लिहिलं:

'या पानाच्या याआधीच्या आवृत्तीत ऐच्छिक शब्द केवळ फिकट रंगाने दाखवला होता. काळ्या-पांढऱ्या छापील प्रतीत तो ओळखता येत नाही. छापील प्रतीप्रमाणे आज्ञा टाइप केल्यास अलीकडच्या नोंदी पुसल्या जातात. जुनी प्रत भिंतीवर असल्यास ती आधी काढून टाका.'

इथपर्यंत सगळं नियमात होतं. मग मी आणखी एक ओळ लिहिली: 'ही चूक आज्ञा टाइप करणाऱ्याची नाही, पानाची आहे.' ही ओळ नियमात बसत नाही. माहितीपानाने निवाडा करायचा नसतो, हे मीच नव्या लोकांना शिकवते. मी ती खोडली. मुलुंडच्या बाकावर बसलेल्या बाई डोळ्यांसमोर आल्या. परत लिहिली, आणि पान प्रसिद्ध केलं. आमच्याकडे पान बदललं की ते सगळ्या लॅबना आपोआप जातं.

मग उठून मॅनेजरकडे गेले आणि स्वतःच सांगितलं. त्याने वाचलं. शेवटच्या ओळीला त्याचे कान लाल झाले.

"काढ ते."

"नाही काढणार."

"तुला कळतंय का तू काय करतेयस? हे तुझ्या अंगाशी येईल."

"येऊ दे. त्या बाईच्या अंगाशी येण्यापेक्षा माझ्याच आलेलं बरं. मंजूर मी केलं होतं."

"मग मी काढतो," तो म्हणाला, आणि माऊस हातात घेतला. तेवढ्यात त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. कांदिवलीची एक लॅब. आवाज मलाही ऐकू येत होता. पलीकडचा माणूस म्हणत होता की तेच पान त्यांच्या भिंतीवर आहे, आजच दुपारी तेच काम करायला घेणार होते, नवीन सूचना वाचून थांबले, देवासारखे धावलात बघा. मॅनेजर "हो हो, आपलं कर्तव्यच आहे" म्हणाला. फोन ठेवला. माऊस सोडला. माझ्याकडे बघितलं नाही.

पान राहिलं. त्याचं दोन ओळींचं पत्र मग गेलंच नाही, पानावर एक आणि पत्रात भलतंच असं पाठवणार कसं? माझा पानं मंजूर करायचा अधिकार मात्र त्याच संध्याकाळी काढून घेतला. आता मी लिहिते आणि दुसरं कुणीतरी क्लिक करतं. डिझाइनवाली माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सगळ्या पानांत कंस परत घालते." मी म्हटलं, "घाल गं." मला तिचा राग नव्हता. कंस तिने काढले, पण मंजुरी माझी होती.

शनिवारी मी ते पान छापलं, ऑफिसच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर, मुद्दाम. बाईंना आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता, त्या लॅबच्या दाराशी उभ्या होत्या. आत जायला कचरत होत्या असं नाही. "तुमच्याबरोबरच जाते म्हटलं," त्या म्हणाल्या. "साक्षीदार बरा असतो."

डॉक्टरांनी चष्मा लावून पान वाचलं. वरून खाली, सावकाश. शेवटची ओळ दोनदा वाचली असावी, कारण डोळे परत मागे गेले. काउंटरवर चार पेशंट ताटकळत होते, आणि आत कुणीतरी नवखं माणूस बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना गोंधळत होतं.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "कंपनीनेच लिहिलंय म्हणजे... ठीक आहे. सोमवारपासून या."

"सोमवारपासून का?" बाई म्हणाल्या. "आज काय सुट्टी आहे?"

बाईंनी पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली, ओढणीची पिन नीट केली आणि आपल्या खुर्चीवर बसल्या. भिंतीवरचं जुनं पान चिकटपट्टीसकट ओढून काढलं, फाडलं आणि टोपलीत टाकलं. पुसल्या गेलेल्या रिपोर्टच्या कागदी प्रती त्यांनी वेगळ्या फाइलमध्ये सांभाळून ठेवल्या होत्या, त्यांचा गठ्ठा कपाटातून बाहेर आला. हे सगळं पुन्हा टाइप करायला किती दिवस लागतील, असं मी विचारलं. "लागू दे ना," त्या म्हणाल्या. "मी आहे इथे."

मग त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि नवं पान समोर घेतलं. मला म्हणाल्या, थांबा, तुमच्यासमोरच वाचते. नाव, आज्ञा, वर्णन. समजलं की खूण, समजलं की खूण. कंसाशी थांबल्या. "हे पूर्वीसारखंच, नको असेल तर टाकायचं नाही?" मी मान हलवली. त्यावर खूण केली नाही. शेवटी 'दोष'पाशी आल्या, एकेक वाक्य ओठ हलवत वाचलं, आणि सगळ्यात शेवटच्या वाक्यावर पेन्सिल टेकवून इतकी दाबून खूण केली की कागद फाटतो की काय असं मला वाटलं.

त्यांनी खोडरबर घेतला. वरच्या सगळ्या खुणा एकेक करून खोडल्या, कागदावरचा चुरा फुंकला, पान पिशवीत घातलं. शेवटची खूण तशीच होती.

"ती राहिली," मी म्हणाले.

"ती राहू दे," बाई म्हणाल्या, आणि भिंतीवर चिकटपट्टी लावायला उठल्या.